चौथ्या मजल्यावरून, विषय क्रमांक ९ बाबत: व्यवस्थापक समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, ताळेबंदाला मंजुरी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दोन जुने थकबाकीदार, सगळं नेहमीचं. मग विषय क्रमांक ९: ‘पाळीव कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास मनाई करणे अथवा त्यासाठी दरमहा शुल्क आकारणे, तसेच आवारात कुत्र्यांना मुसके बंधनकारक करणे, याबाबत निर्णय घेणे.’ आणि विषय क्रमांक १०, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, म्हणजे सामोसे.

सभा नवव्या विषयापर्यंत पोचते तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, निम्मे लोक उठून गेलेले असतात आणि उरलेल्यांना घरी जेवायला जायचं असतं. अशा वेळी हात वर करून काहीही मंजूर होतं. पाहुण्यांच्या पार्किंगचं तसंच झालं. म्हणून आधीच लिहिते आहे. खुलं अशासाठी, की हाच विषय जवळजवळ याच शब्दांत कोथरूडपासून वाकडपर्यंत आणि ठाण्यापासून नाशिकपर्यंत कितीतरी सोसायट्यांमध्ये निघतो. त्यांच्या समित्यांनीही वाचावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हा ठराव लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे जो कुत्रा होता तो तीन वर्षांचा, आडदांड, मालकाला फरफटत नेणारा आहे. असा एक आपल्याकडे आहे, नाही कोण म्हणतं? पण लिफ्ट बंद केल्याने त्याचं काहीच बिघडणार नाही. तो चार मजले उड्या मारत उतरेल, वाटेत कुणी आजी जिन्यात भेटल्या तर त्यांना धडकेल, आणि वर येताना त्याला दमही लागणार नाही. तुमच्या ठरावाचा फटका बसणार आहे तो फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांना. त्यांची तक्रार आजवर तुमच्याकडे कुणी केलेली नाही.

आमच्या चिंगीला तुम्ही सगळे ओळखता. लॅब्रेडॉर, वय वर्षं बारा, वजन एकतीस किलो. कमरेच्या सांध्यांची झीज झाली आहे. तिच्या मागच्या डाव्या पंजाची नखं तुम्ही कधी पाहिली नसतील. तीन पायांची नखं वाढतात, आम्ही ती कापतो. या एका पंजाची मधली दोन नखं मात्र पुढच्या बाजूने झिजून सपाट झाली आहेत, कारण तो पाय ती उचलून टाकत नाही, ओढते. डॉक्टर तिला तपासताना आधी हीच नखं बघतात, एक्स-रे नंतर. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यावर तिचे पाय चारी दिशांना फाकतात, म्हणून बेडरूमपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत आम्ही जुन्या योगा मॅट कापून पायवाट केली आहे. ती त्या वाटेवरूनच चालते. वळणावर मॅट सरकली असेल तर थांबते आणि कुणीतरी येऊन ती नीट करेपर्यंत तिथेच उभी राहते.

अशा कुत्र्याला जिन्याने न्यायचं म्हणजे काय, ते सांगते. कुत्र्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. जिना उतरताना तो आणखी पुढे सरकतो, म्हणजे मागच्या पायांचा आधार गेलेलं जनावर तोंडावर पडायच्या बेतात उतरत असतं. वर चढताना उलट, सगळा जोर मागून लावावा लागतो आणि तो तिच्याकडे नाही. मग जुन्या बेडशीटची झोळी करून ती पोटाखालून घालायची आणि मागचा भाग उचलून धरायचा. मी एकसष्ट वर्षांची आहे, ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. चार मजले, आठ वळणं, दिवसातून चार वेळा. चार वेळा अशासाठी, की म्हाताऱ्या कुत्र्याला पाणी जास्त लागतं आणि लघवी धरून ठेवता येत नाही. पहाटे पाचला एकदा आणि रात्री अकराला एकदा न्यावंच लागतं. लिफ्ट बंद केलीत तर ती जिन्यात मुतेल. स्पष्ट लिहिते, कारण त्याची तक्रारसुद्धा तुमच्याकडेच येणार आहे, बहुधा दुसऱ्या मजल्यावरून.

आज आपल्या सोसायटीत अशी म्हातारी कुत्री तीन-चारच असतील. पण जरा हिशेब करा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणि त्यानंतरच्या वर्षभरात किती घरांत पिल्लं आली आठवतंय ना? मुलांची शाळा मोबाइलवर, आईबाप घरून कामाला, आणि प्रत्येक मजल्यावर एक गोल्डन रिट्रीव्हर. मोठ्या जातीचा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो आणि सातव्या-आठव्या वर्षापासून म्हातारपणाकडे झुकू लागतो. ती सगळी पिल्लं आता त्या वयाला लागतील. म्हणजे तुम्ही जो नियम आज कराल तो येत्या पाच वर्षांत मुख्यतः म्हाताऱ्या कुत्र्यांवर आणि त्यांना उचलणाऱ्या, स्वतःही म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांवर चालणार आहे.

आता कायद्याचं. इथे मी बँकेतली माणूस असल्याने जरा रुक्ष होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्या कायद्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकारातून. राज्यसभेत हा विषय प्रथम त्यांनी खासगी विधेयक म्हणून मांडला होता. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमत असलं तरी संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कुत्रा भुंकतो हे त्याला हाकलायचं कारण होत नाही. त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळं शुल्कही लावता येत नाही. पट्ट्याचा आग्रह धरावा, पण मुसक्याची सक्ती करू नये. सचिवसाहेब मागच्या वेळी म्हणाले की त्या ‘नुसत्या सूचना’ आहेत. असतील. पण संस्थेचा ठराव तरी कायद्यापेक्षा मोठा कुठे असतो? आपण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे गेलो आणि हा ठराव त्यांच्यासमोर ठेवला तर काय होईल, हे विचारायला वकील लागत नाही. वकिलाची फी मात्र सोसायटीच्या खात्यातून जाईल, आणि ते खातं माझंही आहे.

शुल्काबद्दल एवढंच, की सोसायट्यांना मनाला येईल तो आकडा लावायची सवय जुनी आहे. त्यामुळेच तर २००१ मध्ये सरकारला परिपत्रकं काढून हस्तांतरण शुल्काला २५,००० रुपयांची आणि बिनभोगवटा शुल्काला (घर भाड्याने दिलं की लागतं ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. खजिनदारांना ती परिपत्रकं पाठ आहेत. कुत्र्यावर आणखी एक परिपत्रक निघावं अशी वेळ आणू नका.

मुसक्याबद्दल तर मला वादच घालायचा नाही, एप्रिलमध्ये दुपारी कुत्र्याकडे बघा. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजांच्या गाद्यांना थोडा येतो. बाकी सगळी उष्णता तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. बाजारात मिळणारं कापडी घट्ट मुसकं ते तोंडच बांधून टाकतं. पुण्यात चाळीस अंशांना एखादं म्हातारं, जाडं लॅब्रेडॉर त्यात पंधरा मिनिटांत कोसळू शकतं. चावऱ्या कुत्र्याला जाळीचं, आत तोंड उघडता येईल असं मुसकं घालावं, जरूर घालावं, आणि तसं त्या एका मालकाला लेखी कळवावं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. ‘बी’ विंगमधल्या काकांना कुत्र्याची भीती वाटते. लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुत्रा दिसला की ते दोन पावलं मागे सरतात. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. त्यांच्या पिढीला लहानपणी कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात घेतात, डोस चार किंवा पाच, आणि जखम खोल असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन. पण ज्याने ते चौदा दिवस काढलेत त्याला ‘आमची चिंगी काही करत नाही हो’ हे सांगून उपयोग नाही. कुत्रं पाळणाऱ्यांचं हे सगळ्यांत चीड आणणारं वाक्य आहे. त्याच्या जागी दुसरं काहीतरी करावं: लिफ्टपाशी कुणी उभं असेल तर आधी विचारावं, आणि समोरचा नको म्हणाला तर निमूट पुढच्या फेरीने जावं. कुत्र्याला कोपऱ्यात, स्वतःच्या पायांमागे घ्यावं. पट्टा हातभर ठेवावा. ते वीस फूट सुटणारे, आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे पार्किंगमध्ये आणायचेच नाहीत. हे सगळं नियम म्हणून लिहा. मी पहिली सही करते.

रेबीजबद्दल तर समितीने कडक व्हायलाच हवं, आणि आश्चर्य म्हणजे विषय क्रमांक ९ मध्ये त्याचा शब्दसुद्धा नाही! लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण लस वेळेवर घेतली तर तो पूर्ण टळतो. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर, मग दर वर्षी. प्रत्येक कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डाची प्रत आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत ऑफिसात दर वर्षी जमा झालीच पाहिजे. नाही दिली तर नोटीस काढा. आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर, जिथे सध्या दोन वर्षांपूर्वीच्या गरब्याची जाहिरात आहे, तिथे लिहा: कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, मग त्याच दिवशी दवाखान्यात जा, हळद, चुना, मिरची काही लावू नका. वॉचमनच्या मुलांनाही हे कळलं पाहिजे. ती मुलं दिवसभर खालीच असतात.

शी आणि लघवी. हा विषय टाळून कुत्र्यांबद्दल बोलता येत नाही. शी उचलायची, घरी नेऊन संडासात टाकायची, त्यात चर्चेसारखं काही नाही. जो उचलत नाही त्याला दंड लावा, त्याचं नाव फळ्यावर लिहा, माझं काही म्हणणं नाही. कुत्र्याच्या शीतून गोलकृमी आणि अंकुशकृमी पसरतात आणि मुलं त्याच मातीत खेळतात. गाडीच्या टायरवर लघवी होते त्यावर उपाय पाण्याची बाटली. आम्ही बाटली घेऊन उतरतो, बाकीच्यांनीही घ्यावी. बाटल्यांवरून आठवलं. गेटपासून बागेपर्यंत ज्या लाल पाणी भरलेल्या बाटल्या ओळीने ठेवल्या आहेत त्या कृपा करून काढा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग वेगवेगळे कळतात, लाल मात्र मळकट दिसतो. निळीचं पाणी घातलंत तर निदान त्याला ते दिसेल तरी, घाबरणार मात्र तेव्हाही नाही. चिंगी तरुण होती तेव्हा त्यातल्या तिसऱ्या बाटलीवरच पाय वर करायची. हो, कुत्री असून.

भुंकण्याच्या तक्रारी समितीकडे सगळ्यांत जास्त येतात असं ऐकलं. त्या कुणाबद्दल येतात ते बघितलंत का? ‘सी’ विंगमधला हस्की. सकाळी नऊ ते रात्री आठ गॅलरीत, दीड फुटाच्या साखळीला बांधलेला, शेजारी वॉशिंग मशीन. बर्फात ओझं ओढायला तयार झालेली जात, पुण्यात, पश्चिमेच्या उन्हात. तो भुंकणार नाही तर काय करेल? आणि हे नुसतं वाईट नाही, बेकायदेशीर आहे: १९६० च्याच कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला अवाजवी वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणं, किंवा नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरू न देणं हा गुन्हा आहे. दंड हास्यास्पद आहे, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, कित्येक दशकांपूर्वीचा आकडा तसाच राहिलाय. पण समितीचं पत्र गेलं तर दंडाहून जास्त काम होतं. तिथे पत्र गेलेलं नाही, कारण ते सभासद वॉटरप्रूफिंगच्या उपसमितीत आहेत. माझ्याकडे मात्र दोनदा वॉचमन निरोप घेऊन आला, की रात्री तुमची कुत्री ओरडते. ओरडते, खरं आहे. तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, आणि काही रात्री ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहते, आपण कुठे आहोत ते तिला समजत नाही. माणसांना होतं तसंच काहीसं कुत्र्यांनाही म्हातारपणी होतं. तेव्हा आम्ही तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसतो, पाठीवर हात ठेवतो, ती शांत होते. यात पाच-सात मिनिटं जातात. शेजाऱ्यांना मी हे जाऊन सांगितलं आहे. खालच्या जोशीकाकू म्हणाल्या, आमच्या सासूबाईंचं असंच होतं, आणि तिथे विषय संपला. वॉचमनची गरज पडली नाही.

एक गोष्ट या ठरावाच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानात घेतलेली दिसत नाही. सोसायटीत असा जाच सुरू झाला की कुत्रं घरातून जातं ते चांगल्या ठिकाणी जात नाही. भाडेकरूला मालक म्हणतो, कुत्रं काढा नाहीतर घर सोडा. एजंट दुसरं घर दाखवत नाही. मग गाडीत घालून लांब कुठेतरी, ढाब्याजवळ, घाटात. पट्ट्याची खूण गळ्यावर असलेली लॅब्रेडॉर रस्त्याकडेला बघितली नाहीत का कधी? बारा वर्षं सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला उकिरड्यावरचं अन्न शोधता येत नाही, आणि हद्दीतली भटकी कुत्री त्याला फाडतात. प्राण्याला असं सोडून देणं हाही त्याच ११ व्या कलमाखालचा गुन्हा. पण तो करणारा सापडत नाही, आणि त्याला तिथवर ढकलणारी सभा तर कुठल्याच कलमात बसत नाही.

(गेटवरच्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न यात मिसळू नका. त्याला २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ चे आदेश लागू आहेत, त्यासाठी महापालिकेशी बोलावं लागेल, आणि त्याची सभा वेगळी. सोसायटीच्या ऑफिसातल्या दत्ताच्या तसबिरीखाली बसून तीही घेऊ. चार कुत्री तिथे आधीच हजर आहेत.)

तर विषय क्रमांक ९ ला माझी दुरुस्ती सूचना अशी: मनाई, शुल्क आणि मुसक्याची सक्ती हे तिन्ही शब्द वगळावेत. त्याऐवजी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराने लसीकरणाचं कार्ड आणि परवाना दर वर्षी जमा करावा. सामाईक जागेत आखूड पट्टा लावावा. शी उचलावी, न उचलल्यास सर्वसाधारण सभा ठरवेल तो दंड भरावा. लिफ्टमध्ये आधी माणसाला विचारावं. ज्या विंगला दोन लिफ्ट आहेत तिथे एक कुत्र्यांसाठी ठरवून द्यायला आमची हरकत नाही. आमच्या ‘ए’ विंगला एकच आहे आणि ती महिन्यातून दोनदा बंद पडते, त्यामुळे ती बंद असेल त्या दिवशी तळमजल्यावरच्या रिकाम्या मीटररूमशेजारी म्हातारं किंवा आजारी कुत्रं ठेवायला परवानगी असावी. दिवाळीत फटाके रात्री दहानंतर वाजू नयेत हा नियम आहेच, तो फक्त पाळला जावा. चावऱ्या कुत्र्याच्या किंवा निष्काळजी मालकाच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला खरंच इजा झाली असेल त्याने ते जरूर वापरावं, मी साक्षीला येईन.

सूचना लेखी देऊन सचिवांकडून पोच घेतली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सभासदांनी अनुमोदन दिलंय, त्यातल्या एकींकडे कुत्रा नाही, मांजर आहे, आणि त्यांना पुढच्या वर्षीची धास्ती आहे.

सभेला मी पहिल्यापासून हजर राहीन. साडेअकराच्या सुमारास मात्र चिंगीला खाली न्यावं लागेल, तिला धरून आणायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची चर्चा घ्यावी, नववा विषय घेऊ नये, ही विनंती.

कळावे,

आपली,
‘ए’ विंग, चौथा मजला